पहिल्यांदाच माणसं नेमताना: कामाच्या कागदापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत

जागा रिकामी झाली की पहिली धाव बहुतेक ठिकाणी जुन्या जाहिरातीकडे जाते. मागची फाइल उघडायची, तारीख बदलायची, 'दोन वर्षांचा अनुभव' होता तिथे 'तीन' करायचं आणि जाहिरात टाकून मोकळं व्हायचं. मुलाखतीत गप्पा छान होतात, माणूस बरा वाटतो, रुजूही होतो. चौथ्या महिन्यात कुरकुर सुरू होते: 'जबाबदारीच घेत नाही हो.' कशाची जबाबदारी, हे मात्र त्याला कोणीच नेमकं सांगितलेलं नसतं. जाहिरातीत नसतं, मुलाखतीत नसतं आणि रुजू झाल्यावरही नसतं.

म्हणून इथला सगळा खटाटोप एका कागदाभोवती आहे. तो जाहिरातीच्या आधी लिहायचा, मुलाखतीचे प्रश्न त्याच्यावरून काढायचे, पहिल्या दिवशी तोच नव्या माणसाच्या हातात द्यायचा आणि तिसऱ्या महिन्यात निर्णय घेताना तोच समोर ठेवायचा. उदाहरणासाठी गोदामाचा हिशेब सांभाळणाऱ्याची जागा घेतली आहे. तुमची जागा वेगळी असेल, पण क्रम तोच.

१. जाहिरातीआधी कामाचा कागद

एकच पान, त्यावर चार गोष्टी.

पहिली गोष्ट म्हणजे ही जागा कशासाठी आहे, ते एका वाक्यात. 'गोदाम सांभाळण्यासाठी' हे उत्तर नव्हे. 'विक्री विभागाने ग्राहकाला माल आहे म्हणून सांगितलं, तर तो खरोखर जागेवर असावा यासाठी' हे उत्तर झालं. असं वाक्य सुचतच नसेल तर थोडं थांबा. कदाचित जागा भरायची गरजच नसेल, दोन कामं इकडची तिकडे केली की भागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्षभरात काय झालेलं दिसलं पाहिजे. असे तीन ते पाच निकाल लिहा, त्याहून जास्त नको. 'देखरेख करणे', 'समन्वय साधणे', 'लक्ष देणे' असे शब्द आले की समजायचं, आपण निकाल लिहिलेला नाही, नुसती धावपळ लिहिली आहे. 'साठ्याची देखरेख करणे' खोडून तिथे लिहा: 'महिन्याच्या शेवटच्या दिवशी कुठल्याही १०० वस्तू मोजल्या तर किमान ९८ नोंदीप्रमाणे भरतात.' 'मालाची वेळेत रवानगी' खोडून लिहा: 'दुपारी २ पर्यंत आलेली मागणी त्याच दिवशी बाहेर पडते. राहिली, तर कारण संध्याकाळपर्यंत विक्री विभागाला कळलेलं असतं.' यातलं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. काम कधी ना कधी अडणारच. अडलं की कोणाला, किती वाजेपर्यंत सांगायचं, हे ठरलेलं असलं की जबाबदारीचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

आकडा हवेतून आणू नका. आज १०० पैकी ८५ वस्तू भरत असतील तर तो ८५ सुद्धा शेजारी लिहून ठेवा. नाहीतर नव्या माणसाने सहा महिन्यांत ९३ पर्यंत आणलं तरी तुम्ही नाराजच राहाल, आणि तो मात्र मनातल्या मनात पाठ थोपटण्याची वाट बघत असेल.

तिसरी गोष्ट अधिकारांची. इथे तीन रकाने करा: 'स्वतः ठरवा', 'ठरवा आणि कळवा', 'आधी विचारा'. खराब झालेला माल बाजूला काढणं पहिल्या रकान्यात जाईल, पुरवठादाराची माल उतरवण्याची वेळ बदलणं दुसऱ्यात, नोंदीतून माल कायमचा वजा करणं तिसऱ्यात. कागदाचा हाच भाग सगळ्यात जास्त वेळा राहून जातो. तो राहिला की माणूस एकतर प्रत्येक गोष्टीसाठी दार वाजवत राहतो, नाहीतर एके दिवशी भलतंच ठरवून बसतो. निकालाची अपेक्षा ठेवायची आणि अधिकार आपल्या खिशात ठेवायचे, म्हणजे हात बांधून पोहायला सांगण्यासारखं आहे.

चौथी गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशी काय यायलाच हवं आणि काय शिकवता येईल. पहिल्या यादीत पाचाहून जास्त ओळी होत असतील तर प्रत्येक ओळीला विचारा: हे दोन महिन्यांत शिकवता येईल का? येत असेल तर ती ओळ दुसऱ्या यादीत. तुमचं संगणकावरचं सॉफ्टवेअर शिकवता येतं. आकड्यांतली विसंगती डोळ्याला खटकणं शिकवायला फार वेळ लागतो. 'अमुक वर्षांचा अनुभव' ही ओळ तर शक्यतो काढूनच टाका. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला, त्यात अनुभवाची वर्षं आणि प्रत्यक्ष कामगिरी यांच्यातला सहसंबंध ०.१८ निघाला. ० म्हणजे काही संबंध नाही आणि १ म्हणजे तंतोतंत संबंध, हे लक्षात घेतलं तर जाहिरातीतल्या त्या ओळीचं वजन कळेल. दहा वर्षांचा अनुभव कधीकधी एकाच वर्षाचा दहा वेळा गिरवलेला असतो.

कागद झाला की तो दोघांना वाचायला द्या: तुमच्या वरिष्ठांना, आणि या जागेशी रोज संबंध येणाऱ्या एकाला. वरिष्ठांच्या डोक्यात कारकून आणि तुमच्या डोक्यात गोदामप्रमुख असेल तर ते आत्ताच बाहेर येऊ दे. शेवटच्या मुलाखतीत आलं, तर उमेदवाराचा आणि तुमचा, दोघांचाही महिना वाया जातो.

२. जाहिरात: गैरसोयीसकट

जाहिरातीत कागदावरचे निकाल जसेच्या तसे उतरवा. पगाराची पट्टी, कामाच्या वेळा आणि कामाचं ठिकाण लिहा. पगार लपवला की शेवटच्या फेरीपर्यंत आलेली माणसं आकडा ऐकून निघून जातात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

कामातली नकोशी बाजूही लिहा. महिनाअखेरीस दोन दिवस उशिरापर्यंत थांबावं लागतं, गोदामात उकडतं, दिवसाचा निम्मा वेळ उभं राहून जातो. याने अर्ज कमी येतील, आणि ते चांगलंच आहे. जॉन वॅनस यांनी १९७० च्या दशकात टेलिफोन ऑपरेटरांच्या भरतीवर केलेल्या कामापासून ही कल्पना रुळली: कामाचं खरं चित्र आधीच दाखवलं की नंतर भ्रमनिरास कमी होतो. 'आमच्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे' या वाक्यातून मात्र कोणालाच काही कळत नाही. उलट सुट्टी मागायची चोरी होणार, अशी शंका शहाण्या उमेदवाराला तिथेच येते.

३. अर्जांची चाळणी

सगळे अर्ज एका बैठकीत, एकाच चाळणीतून जाऊ द्या. आज पाच, परवा दहा असं केलं की निकष नकळत बदलत जातात. पहिल्या दिवशी यायलाच हव्या अशा पाच ओळींपैकी किती दिसतात, एवढंच बघायचं. जमत असेल तर नाव आणि फोटो झाकून ठेवायला कोणाला तरी सांगा. आडनाव, चेहरा, शाळेचं नाव यांवरून मत बनायला क्षणभरही पुरतो.

उरलेल्या आठ-दहा जणांना पंधरा मिनिटांचा फोन करा. पगाराची अपेक्षा, रुजू व्हायला लागणारा वेळ, कामाच्या वेळा चालतील का, आणि कामाबद्दलचा एकच साधा प्रश्न. याहून जास्त फोनवर विचारू नका.

४. करून दाखवायला द्या

बहुतेक नवखे ही पायरी गाळतात. मुलाखतीत माणूस बोलतो कसा ते कळतं. नेमायचं आहे ते काम करण्यासाठी, म्हणून कामाचा एक छोटा तुकडा समोर ठेवा.

गोदामाच्या जागेसाठी असं करता येईल. माल बाहेर पाठवल्याच्या २० नोंदी आणि त्याच दिवशीच्या साठावहीचं एक पान द्या. त्यात चार गफलती मुद्दाम पेरा. एक साधी बेरजेची. दुसरीत एकच वस्तू दोन वेगळ्या क्रमांकांखाली लिहिलेली. तिसरीत एका ठिकाणी डझन आणि दुसऱ्या ठिकाणी नग. चौथी अशी हवी, की हातातल्या कागदांवरून तिचा उलगडा होऊच शकत नाही, कोणाला तरी विचारावंच लागतं. वेळ ४० मिनिटं. 'काही शंका आली तर मी बाजूच्या खोलीत आहे' एवढंच सांगून बाहेर पडा.

पहिल्या तीन गफलतींवरून काम येतं का ते कळतं. चौथीवरून माणूस कळतो. काही जण अंदाजाने आकडा बसवून पान स्वच्छ करून देतात. काही जण ती ओळ तशीच सोडतात आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. काही जण ओळीवर खूण करून लिहितात, 'ही पावती बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.' किंवा सरळ बाजूच्या खोलीत येऊन विचारतात. गोदामात तुम्हाला ही शेवटची माणसं हवी आहेत. नेटका दिसणारा खोटा आकडा हिशेबात महिनोन्‌महिने लपून राहतो.

चाचणी आधी तुमच्याकडच्या, हे काम येणाऱ्या माणसाकडून करून घ्या. त्याला ४० मिनिटं लागली तर उमेदवाराला ६० द्या, कारण तुमच्या नोंदींची पद्धत त्याने कधी बघितलेली नसते. गुण कसे द्यायचे ते चाचणीआधी लिहून ठेवा आणि सगळ्यांना तीच चाचणी द्या. तुमचं खरं, अडलेलं काम चाचणीच्या नावाखाली फुकटात करून घेऊ नका. काम तासाभराहून मोठं असेल तर त्याचे पैसे द्या.

५. मुलाखत: तेच प्रश्न, त्याच क्रमाने

'मी माणूस बघितला की ओळखतो' असं म्हणणारे प्रत्येक कचेरीत असतात. आकडे त्यांच्या बाजूने नाहीत. १९९८ च्या त्याच आढाव्यात ठरीव प्रश्नांच्या मुलाखतीचा कामगिरीशी सहसंबंध ०.५१ होता आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.३८. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हेच आकडे दुरुस्त करून मांडले. जवळजवळ सगळ्याच पद्धतींचे आकडे खाली आले, पण दोघींतली दरी उलट वाढली: ठरीव मुलाखत ०.४२ आणि मोकळी ०.१९.

ठरीव म्हणजे काय? कागदावरच्या प्रत्येक निकालासाठी एक-दोन, असे एकूण सहा ते आठ प्रश्न. प्रत्येक उमेदवाराला तेच, त्याच क्रमाने. पाऊण ते एक तास. समोर दोघं जण, आणि दोघांनीही एकमेकांशी बोलण्याआधी आपापले गुण कागदावर लिहायचे. आधी बोललं की ज्येष्ठाचं मत दोघांचं होतं.

प्रश्न घडलेल्या गोष्टीबद्दल असावा. 'दबाव आला तर तुम्ही काय कराल?' याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. त्याऐवजी विचारा: 'नोंदीत तुमची चूक झाली आणि ती दुसऱ्या कोणाच्या लक्षात येण्याआधी तुम्हाला कळली, असा एक प्रसंग सांगा. मग काय केलंत?' आणि याचे गुण आधीच ठरवा. प्रसंगच आठवत नाही किंवा सगळं खापर दुसऱ्यावर, तर १. चूक सांगितली आणि निस्तरली, तर ३. ज्याला त्रास होणार होता त्याला आधी कळवलं, चूक निस्तरली आणि पुन्हा होऊ नये म्हणून कामाच्या पद्धतीत नेमकं काय बदललं तेही सांगता आलं, तर ५. मधल्यांना २ आणि ४.

आपल्या भाषेची एक गंमत इथे आडवी येते. 'मी केलं' म्हणणं आपल्याला फुशारकीचं वाटतं, म्हणून एकट्याने केलेलं कामही माणूस 'आम्ही केलं' असं सांगतो. तेवढ्यावरून गुण कापू नका. विचारा, 'त्यात तुमच्याकडे नेमकं काय होतं?' मग, 'सगळ्यात आधी काय केलंत?' आणि शेवटी, 'तुमच्या तेव्हाच्या साहेबांना हेच विचारलं तर ते काय सांगतील?' ज्याने काम खरंच केलं आहे तो अशा प्रश्नांनी खुलतो, तपशील देत सुटतो. ऐकीव गोष्ट सांगणारा दुसऱ्या प्रश्नालाच मोघम होतो.

चुका नेहमीच्याच होतात. मुलाखत घेणाराच अर्धा वेळ कंपनीचं गुणगान करतो. उत्तर प्रश्नातच दडलेलं असतं: 'आमच्याकडे टीमवर्क लागतं, तुम्हाला जमेल ना?' किंवा पहिल्या पाच मिनिटांत मत बनतं आणि उरलेला वेळ त्याचे पुरावे गोळा करण्यात जातो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवलं, की लष्करी अधिकारी एखाद्या शिपायाला एका गुणात चांगलं ठरवत तेव्हा बाकीच्या गुणांतही त्याला आपसूक वर चढवत. यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाचे गुण तो प्रश्न संपताच लिहायचे, शेवटी एकदम नाही.

लग्न, मुलं, जात, धर्म, आजारपण यांबद्दल विचारू नका, सहज गप्पांच्या ओघातसुद्धा नाही. कामाच्या वेळा जमतील का, हे सगळ्यांना सारखं विचारता येतं आणि तुम्हाला कळायला हवं तेवढं त्यातून कळतं.

६. चौकशी आणि निर्णय

आधीच्या थेट वरिष्ठाशी बोला, आणि ती भेट उमेदवारालाच जुळवून द्यायला सांगा. सध्याच्या ठिकाणी मात्र त्याच्या परवानगीशिवाय फोन करू नका, त्याची आहे ती नोकरी धोक्यात येईल. 'माणूस कसा आहे?' असं विचारलं तर 'चांगला आहे' एवढंच मिळतं. विचारा, 'कशा प्रकारची देखरेख असली की यांचं काम खुलतं?' आणि 'तीच जागा पुन्हा भरायची झाली तर यांना घ्याल का?' दुसऱ्या प्रश्नानंतर पलीकडे क्षणभर शांतता पसरली, तर तीही नोंदवून ठेवा.

चाचणीचे आणि मुलाखतीचे गुण शेजारी मांडा. कोणीच पट्टीला उतरत नसेल तर 'त्यातल्या त्यात बरा' घेऊ नका. काम तात्पुरतं वाटून घ्या आणि जाहिरात पुन्हा द्या. रिकाम्या जागेचा त्रास रोज डोळ्यांना दिसतो. चुकीच्या नेमणुकीचा त्रास आसपासची चांगली माणसं गुपचूप सोसतात आणि एक दिवस राजीनामा देतात.

ज्यांना घेतलं नाही त्यांना तसं आठवड्याभरात कळवा. दोन ओळी पुरतात.

७. पहिले नव्वद दिवस

होकार आला आणि रुजू व्हायला महिना असेल, तर तो महिना मुक्याने घालवू नका. मधे एकदा फोन, एकदा टीमशी ओळख. माणसं गळतात ती याच काळात.

पहिल्या दिवशी टेबल, पासवर्ड, किल्ल्या आणि कामाचा कागद तयार हवा. संध्याकाळपर्यंत पुरं होईल असं एक खरं, छोटं काम द्या: 'या रॅकवरच्या ३० वस्तू मोजा आणि नोंदीशी ताडून बघा.' दिवसभर नियमपुस्तिका वाचायला बसवलेला माणूस घरी जाऊन सांगणार काय?

पहिल्या आठवड्यात तुम्ही करा, त्याने बघावं. मग त्याने करावं, तुम्ही बघा. मग तुम्ही फक्त निकाल बघा. या तीन पायऱ्यांमधली मधली पायरी घाईत गळते, आणि 'सांगितलं होतं की एकदा' हे वाक्य तिथूनच जन्माला येतं.

३० व्या दिवशी कागद समोर ठेवून तीन प्रश्न विचारा: आधी सांगितल्यापेक्षा इथे काय वेगळं आहे? कुठे अडतंय? कोणता निर्णय कोणाचा आहे ते कुठे कळत नाही? ६० व्या दिवशी निकालांचे आकडे बघा. ९० व्या दिवशी ठरवा, कायम करायचं की नाही, आणि ही तारीख नेमणुकीच्या दिवशीच दोघांच्या कॅलेंडरात टाकून ठेवा. नाहीतर परीक्षेचा काळ कधी उलटून गेला ते कोणाच्याच लक्षात येत नाही आणि माणूस न ठरवताच कायम होतो.

८. एका कामावर एकच नाव

फ्रान्समधले कृषी अभियंते मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली. १९१३ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार आठ जण एकत्र ओढत तेव्हा प्रत्येकाचा वाटा त्याच्या एकट्याच्या ताकदीच्या जेमतेम निम्मा भरे. थोडा दोष ओढण्याची लय न जुळण्याचा होता. पण १९७९ मध्ये बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या आणि ओरडण्याचे प्रयोग करून दाखवलं, की लयीचा भाग वगळला तरी गटात माणूस मुळातच कमी जोर लावतो. आपला वाटा वेगळा दिसत नाही ना!

म्हणून बैठकीतून उठताना प्रत्येक कामापुढे एक नाव आणि एक तारीख असू द्या. 'तुम्ही दोघं मिळून बघून घ्या' म्हटलं की दोघंही एकमेकांकडे बघतात. मदतीला चार जण असू देत, विचारायचं एकालाच.

काम सोपवताना काय, कधीपर्यंत, किती नेमकं आणि कुठपर्यंत स्वतः ठरवायचं, हे सांगा. मग 'कळलं ना?' असं विचारू नका, त्याला उत्तर नेहमी 'हो'च येतं. 'आता सुरुवात कशी करणार ते सांगा बघू' म्हणा. गैरसमज असेल तर पहिल्या दोन वाक्यांत कळतो. 'जमेल तेवढं चांगलं करा' हेही टाळा. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या अनेक वर्षांच्या कामाचा गाभा हाच आहे: नेमकं आणि थोडं अवघड ध्येय मनापासून स्वीकारलेलं असेल, तर 'जमेल तेवढं'पेक्षा निकाल चांगले येतात.

आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी अर्धा तास बोला, ठरल्या वेळी. आधी त्याचे मुद्दे, मग तुमचे, शेवटी मागच्या वेळी दोघांनी काय कबूल केलं होतं ते. ही भेट सलग दोनदा रद्द केलीत तर तिचं मोल तुम्हीच शून्य केलंत. आणि तुम्ही कबूल केलेलं काम राहिलं असेल तर ते तुम्हीच आधी सांगा. 'पुरवठादाराशी बोलतो म्हणालो होतो, राहिलं, गुरुवारपर्यंत करतो.' हाताखालची माणसं जबाबदारी शिकतात ती बघून.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र कामसू साहेबासाठी असतो. काम अडलं की तो म्हणतो, 'द्या इकडे, मीच करतो.' दहा मिनिटांत होऊनही जातं. तीन वेळा असं झालं की टीम शिकते: थोडं अडकून दाखवलं की काम वर जातं. त्याऐवजी विचारा, 'तुम्ही काय करून बघितलंत? पुढचे दोन मार्ग कोणते दिसतात? त्यातला तुम्ही कोणता निवडाल?' पहिले काही दिवस याला दुप्पट वेळ लागतो. लागू दे.

९. काम राहिलं तेव्हा

दोन दिवसांच्या आत, त्याला एकट्याला बोलवून बोला. वार्षिक आढाव्यासाठी साठवून ठेवलेली तक्रार ऐकणाऱ्याला हल्ल्यासारखी वाटते.

'मंगळवारी आणि गुरुवारी, दोनच्या आधी आलेल्या तीन मागण्या बाहेर पडल्या नाहीत. विक्रीला ते दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या फोनवरून कळलं. काय झालं होतं?'

'गाडी उशिरा आली, सर. मी वाटच बघत होतो.'

'गाडीचं तुमच्या हातात नव्हतं, मान्य. विक्रीला कळवायचं कशामुळे राहिलं?'

'वाटलं, येईलच आत्ता. मग सात वाजले, तोवर ते सगळे निघून गेले होते.'

'मग आज गाडी येत नाही, असं किती वाजता धरायचं?'

'पाचला. पाचला गाडी दारात नसेल तर निरोप टाकतो.'

'ठीक. पुढच्या शुक्रवारी बघू कसं चाललंय ते.'

यात 'तुम्ही बेफिकीर आहात' कुठेच नाही आणि नवा नियमही साहेबाने लादलेला नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट घसरलेली दिसली. लक्ष कामावरून उडून 'मी कसा आहे' याकडे वळलं की अभिप्राय उलटतो, असं स्पष्टीकरण त्यांनी दिलं.

कारण शोधतानाही क्रम पाळा. काय हवं ते माहीत होतं का? करता येतं का? साधनं आणि वेळ होता का? या तिन्हींना 'हो' आलं तरच 'इच्छा नाही' या निष्कर्षावर या. उलट्या टोकाने सुरुवात केली की सॉफ्टवेअर न शिकवलेला माणूस कामचुकार ठरतो.

चूक स्वतःहून सांगायला आलेल्या माणसावर आवाज चढवू नका. एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासताना आढळलं, की चांगल्या चालणाऱ्या चमूंमध्ये नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. तिथे चुका उघड बोलल्या जात होत्या. तुमच्याकडे महिनाभर एकही चूक कानावर आली नसेल तर खूश होण्याआधी थोडं बघा.

तरीही सुधारणा नसेल तर चार ते सहा आठवड्यांची लेखी मुदत द्या: कोणता निकाल, किती, कोणती मदत मिळेल, कोणत्या तारखांना बघायचं. मुदत संपली आणि निकाल आला नाही तर निर्णय घ्या. त्याआधी नेमणुकीच्या अटी आणि लागू असलेला कायदा जाणकाराकडून तपासून घ्या.

१०. मन लागतं कशाने

सहली, वाढदिवसाचे केक, भिंतीवरची ब्रीदवाक्यं यांना कोणाची हरकत नाही, पण पाट्या टाकणारा माणूस केक खाऊन पुन्हा पाट्याच टाकतो. कामात मन लागण्याच्या तीन अटी विल्यम कान यांनी १९९० मध्ये मांडल्या होत्या: काम अर्थपूर्ण वाटणं, मन मोकळं करताना धोका न वाटणं, आणि कामात उतरण्यापुरतं त्राण उरलेलं असणं. तिसरी अट सगळे विसरतात. रोज दोन तास जास्त थांबणाऱ्याकडून उत्साहाची अपेक्षा धरणं अवघड आहे.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. कामाचा तुकडा न देता शक्य तिथे अख्खं काम द्या: मागणी आल्यापासून माल बाहेर पडेपर्यंत एकाच माणसाकडे. केलेल्या कामाचं पुढे काय झालं ते त्याला दिसू द्या, ग्राहकाचा निरोप थेट त्याच्यापर्यंत जाऊ द्या. आणि दर महिन्याला विचारा, 'तुमच्या कामातला कोणता अडथळा मी काढू?' उत्तर बहुधा छोटं असतं. तुटकी ट्रॉली, दोन ठिकाणी भरावी लागणारी तीच नोंद, तीन सह्या लागणारं एक पत्रक. त्यातलं एक त्याच आठवड्यात निकाली काढा. पुढच्या महिन्यात खरी उत्तरं यायला लागतील.

वर्ष झालं की कामाचा कागद त्याच माणसाला द्या आणि खाडाखोड करायला सांगा. कोणता निकाल आता आपोआप होतो, कोणता नवा लिहायला हवा, 'आधी विचारा' मधलं काय आता 'ठरवा आणि कळवा' मध्ये न्यायचं. तुमची खाडाखोड वेगळ्या शाईने करा, मग दोघं बसून नवी प्रत काढा आणि खाली तारीख टाका. जुनी प्रत फाइलमध्ये राहू द्या. पुढे कधी ही जागा रिकामी झालीच, तर जाहिरातीसाठी फाइल उघडाल तेव्हा वर हाच कागद असेल.